इंजिनचा पिवळा दिवा : मूळ कारणाच्या शोधाच्या नोंदी

२२ जून २०२५, रविवार

गाडी आत्याची आहे. २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडरांचे टर्बो नसलेले इंजिन, बीएस-४ प्रदूषण मानक. आत्या रोज मुलुंडहून शीवला जाते आणि संध्याकाळी परत येते, म्हणजे गाडीचे बहुतेक आयुष्य पूर्व द्रुतगती मार्गावरच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाते. गेल्या हिवाळ्यापासून मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा लागतो, काही दिवसांनी आपोआप जातो आणि पुन्हा लागतो. आतापर्यंत इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा पुढचा सेन्सर नवा बसवला गेला आहे, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली आहे, एअर फिल्टर आणि चारही प्लग बदलले आहेत. प्रत्येक कामानंतर स्कॅनरने कोड पुसला गेला आणि दिवा गेला, म्हणून प्रत्येक वेळी काम फत्ते झाले असे समजले गेले. "अरे, दिवा परत लागला बघ," असा तिचा फोन आज सकाळी आला. गणपतीला तिला हीच गाडी घेऊन कोकणात जायचे आहे.

या नोंदींसाठी मी एकच नियम ठेवला आहे : एखादा भाग सदोष असल्याचा स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत तो भाग विकत घ्यायचा नाही. काढलेला जुना ऑक्सिजन सेन्सर आत्याने वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला आहे. तो टाकू नकोस, असे तिला सांगितले.

स्कॅनर लावला. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण 'लीन' आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१०पासून ओबीडीचा (गाडीने स्वतःचे दोष स्वतः टिपण्याच्या व्यवस्थेचा) पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३पासून दुसरा टप्पा सक्तीचा झाला. त्यामुळे या गाडीत दिवा लागला त्या क्षणाची इंजिनची स्थितीही साठवलेली असते. ती 'फ्रीझ फ्रेम' कोड पुसला की जाते, आणि आधीच्या कामांत ती कोणी उतरवून घेतल्याचे दिसत नाही. आज मी कोड न पुसता तिचा फोटो काढला : वेग शून्य, इंजिनचे फेरे मिनिटाला ७८०, कूलंटचे तापमान ६८ अंश. याचा अर्थ गाडी उभी होती, इंजिन चालू होते आणि ते अजून पूर्ण तापले नव्हते.

२४ जून, मंगळवार

दिवा आपोआप का जातो, हा आत्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तपासाच्या कामाचे आहे. अशा दोषात गाडी चालवण्याच्या पहिल्या फेरीत दोष दिसला तर इंजिनचा संगणक तो फक्त टिपून ठेवतो, आणि लगतच्या दुसऱ्या फेरीतही दिसला तरच दिवा लावतो. नंतर सलग तीन फेऱ्यांत तीच तपासणी निर्दोष पार पडली की दिवा विझतो. मात्र कोड स्मृतीत राहतो आणि इंजिन थंड होऊन पुन्हा तापण्याची सुमारे चाळीस आवर्तने दोषाविना गेली तरच पुसला जातो. म्हणून दिवा विझणे आणि दोष जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोड पुसल्यानंतर दिसणारा शांततेचा काळ हा दुरुस्तीचा पुरावा ठरत नाही.

आत्याला विचारून दिवा लागण्या-विझण्याचा माग काढला. रोजच्या जाण्यायेण्यात तो लागतो. मार्चमध्ये ती पुण्याला दोन-तीनदा जाऊन आली, त्या आठवड्यात तो गेला होता. पुण्याच्या रस्त्यावर इंजिन बराच काळ वरच्या फेऱ्यांत एकसारखे चालते, तर रोजच्या वाटेवरच्या अमरमहालच्या सिग्नलला ते उभ्याने घरघरत राहते. फ्रीझ फ्रेमही उभ्या गाडीचीच आहे. दोष इंजिनच्या कमी फेऱ्यांशी बांधलेला असावा, असा तर्क लिहून ठेवतो आहे.

२९ जून, रविवार

सोसायटीत ज्याला विचारावे तो सध्या पेट्रोलमधल्या एथेनॉलला दोष देतो. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण त्यात रसायनशास्त्र आहे आणि त्याचा हिशोब करता येतो. एथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, एथेनॉलला सुमारे ९ भाग. या हिशोबाने दहा टक्के मिश्रणाला १४.१ आणि वीस टक्के मिश्रणाला १३.५ भाग हवा लागते. म्हणजे दहावरून वीस टक्क्यांवर आल्याने संगणकाला सुमारे चार टक्के जास्त इंधन सोडावे लागेल.

पी०१७१ चार टक्क्यांनी लागत नाही. बहुतेक गाड्यांत जास्त इंधन सोडण्याचे हे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेले तरच तो कोड लागतो. शिवाय इंधनातला फरक उभ्या गाडीत आणि धावत्या गाडीत सारखाच दिसायला हवा. एथेनॉलचा वाटा मान्य करून ते मूळ कारण म्हणून बाजूला ठेवतो आहे.

५ जुलै, शनिवार

आज खरे मोजमाप झाले. गाडी रात्रभर कंपाउंडमध्ये उभी होती आणि सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना स्कॅनर लावून फ्युएल ट्रिमचे आकडे उतरवून घेतले. ट्रिम म्हणजे ठरलेल्या मात्रेपेक्षा संगणक किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतो आहे ते प्रमाण. अल्पकालीन ट्रिम क्षणाक्षणाला बदलते आणि दीर्घकालीन ट्रिम म्हणजे तिच्यावरून बनलेली सवय. मी दोघींची बेरीज पाहतो.

सेन्सर तापून त्याचे वाचन सुरू झाल्यावर, उभ्या गाडीत बेरीज अधिक २४. फेरे २५०० वर धरले तेव्हा ती अधिक ६ पर्यंत उतरली. पाय काढला की पुन्हा वर. रेडिएटरचा पंखा एकदा चालून बंद होईपर्यंत इंजिन तापू दिले, तेव्हा उभ्या गाडीतली बेरीज अधिक १३ वर आली होती. दोष कमी फेऱ्यांत मोठा आहे आणि इंजिन थंड असताना सर्वांत मोठा आहे. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर नेमके उलटे घडले असते, कारण पंपाची कसोटी जास्त मागणीच्या वेळी लागते.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. थंड इंजिन चालू झाल्यावर पहिली काही मिनिटे बॉनेटखालून बारीक टिकटिक ऐकू येत होती, ती तापल्यावर विरली. पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही टिकटिकतात, पण त्यांचा आवाज तापल्यावर जात नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

प्लग काढून पाहिले. आतापर्यंतच्या तपासात सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मिश्रण खरोखर लीन असेल तर प्लगच्या टोकाभोवतीचे चिनीमातीचे नाक पांढुरके पडते. व्यवस्थित असेल तर ते फिकट तपकिरी राहते. आज काढलेल्या चारही प्लगांची नाके काळी होती. बोटाने पुसली जाईल अशी कोरडी, मखमली काजळी. तेलाचा ओलावा नव्हता, त्यामुळे ही ऑइल जळल्याची काजळी नाही, पेट्रोल जास्त झाल्याची आहे. चारही प्लग सारखेच काळे असल्याने एखाद्या गळक्या इंजेक्टरचाही संशय उरत नाही. गेल्या काही महिन्यांत ॲव्हरेज घसरल्याची आत्याची तक्रार याच्याशी जुळते.

म्हणजे कोड म्हणतो पेट्रोल कमी आहे आणि सिलिंडरमधला प्लग म्हणतो पेट्रोल जास्त आहे. आधीच्या कामांत कोडचे ऐकले गेले आणि प्लग जुने झाले म्हणून बदलले गेले. त्यांचा रंग कोणी पाहिला असता तर तपास तिथेच वळला असता. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असण्याचे दोनच मार्ग मला दिसतात. एक, सेन्सर खोटे सांगतो आहे. दुसरा, सेन्सर खरे सांगतो आहे, पण त्याला दिसणारा ऑक्सिजन सिलिंडरमधून आलेलाच नाही, ज्वलन झाल्यानंतर वाटेत कुठेतरी बाहेरची हवा शिरते आहे.

१२ जुलै, शनिवार

इनटेककडची, म्हणजे इंजिनात हवा येते त्या बाजूची गळती बहुतेक जण सर्वांत आधी तपासायला सांगतात, म्हणून ती आधी निकालात काढली. ज्या गाड्यांत हवेचे वस्तुमान मोजणारा एमएएफ सेन्सर असतो, त्यांत त्या सेन्सरच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही आणि मिश्रण लीन होते. या गाडीत एमएएफ नाही. इथे एमएपी सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजून हवेचा अंदाज बांधतो. थ्रॉटलच्या पुढे हवा शिरली तर दाब वाढतो आणि संगणक त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो. अशा गळतीने मुख्यतः आयडलिंगचे फेरे वाढतात, ट्रिम फारशी हलत नाही. आत्याच्या गाडीचे फेरे ७८० वर स्थिर आहेत. तरीही भांडुपच्या मिस्त्रींकडे इनटेकमध्ये धूर सोडून पाहिला. कुठूनही बाहेर आला नाही. पेट्रोलचा दाबही मॅन्युअलच्या मर्यादेत निघाला आणि इंजिन बंद केल्यावर टिकून राहिला.

१३ जुलै, रविवार

ऑक्सिजन सेन्सरची परीक्षा. या प्रकारचा सेन्सर ०.४५ व्होल्टच्या आसपास कौल बदलतो. ऑक्सिजन जवळपास नसेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवतो, ऑक्सिजन भरपूर असेल तर ०.१ च्या जवळ येतो. इंजिन तापवून एकदम ॲक्सिलरेटर दाबला, व्होल्टेज तत्काळ ०.८८ वर गेले. नंतर उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला, तेव्हा संगणक इंजेक्टर बंद करतो आणि सायलेन्सरमधून निव्वळ हवा जाते. तिथे व्होल्टेज ०.०८. दोन्ही टोके गाठणारा आणि इतक्या चटकन गाठणारा सेन्सर सदोष म्हणता येत नाही. कनेक्टर उघडून पाहिला, मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत येतो तसा हिरवट थर पिनांवर नव्हता. वायर उंदरांनी कुरतडलेलीही नाही.

उरला दुसरा मार्ग.

२० जुलै, रविवार

एक्झॉस्टमधून जळका वायू सलग वाहत नाही, प्रत्येक सिलिंडरच्या ठोक्यागणिक येतो. कमी फेऱ्यांत दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, आणि तिथे फट असेल तर तेवढ्या क्षणापुरती हवा आत ओढली जाते. ही फट सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, संगणक पेट्रोल वाढवतो आणि सिलिंडरमध्ये खरे मिश्रण विनाकारण गडद, म्हणजे जास्त पेट्रोलचे होते. फेरे वाढले की ठोके दाटतात, दाब वर राहतो आणि शिरणाऱ्या हवेचे प्रमाण नगण्य होते. इंजिन तापले की धातू प्रसरण पावून फट अंशतः मिटते. पुण्याच्या रस्त्यावर विझणारा दिवा, थंडपणीची टिकटिक, २५०० फेऱ्यांना उतरणारी ट्रिम आणि काळे प्लग यांतले एकही निरीक्षण या स्पष्टीकरणाबाहेर राहत नाही.

आज ते डोळ्यांनी पाहिले. इंजिन थंड आणि बंद ठेवून मिस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडातून कमी दाबाने धूर सोडला. तो कॅटमधून (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून) पुढे यायला वेळ लागला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा (सिलिंडरांमधला जळका वायू गोळा करणाऱ्या नळ्यांवरचा) पत्र्याचा उष्णतारोधक आधीच काढून ठेवला होता. टॉर्च धरून बसलो असताना चौथ्या सिलिंडरच्या पोर्टखालून, हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि मॅनिफोल्ड यांच्या सांध्यातून धुराची दोऱ्याएवढी रेघ वर आली. तिथेच हेडच्या ॲल्युमिनियमवर पंख्याच्या आकाराचा काजळीचा डाग होता. उष्णतारोधकाखाली असल्याने तो वरून कधीच दिसला नसता. "साहेब, इथे नटच नाही," मिस्त्री म्हणाले. टोकाच्या स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या आटेदार दांड्यावर) नट नव्हता आणि स्टडचे आटे झिजलेले होते.

आत्याला गाडी तूर्त वापरू नकोस म्हणून सांगितले. या फटीतून हवा आत जाते तसा ठोक्याच्या वेळी वायू बाहेरही पडतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही. बॉनेटखालची हवा काचेखालच्या जाळीतून केबिनमध्ये येऊ शकते, आणि पावसाळ्यात काचा बंद करून सिग्नलला उभे राहणे हा तिचा रोजचा क्रम आहे. शिवाय गडद मिश्रणातले न जळलेले इंधन आणि शिरलेला ऑक्सिजन एकत्र कॅटमध्ये पोहोचले की ते तिथे जळतात आणि कॅट प्रमाणाबाहेर तापतो. तो गेला तर खर्च आजच्या दुरुस्तीच्या अनेक पट होईल. तोवर ती मुलुंडहून लोकलने शीवला जाईल.

२३ जुलै, बुधवार

सांधा का सुटला, हे शोधल्याशिवाय मूळ कारण सापडले असे म्हणता येत नाही. आत्याकडून गेल्या वर्षीची बिले मागवली. दिवाळीच्या आधी एका वर्कशॉपमध्ये हेड गॅस्केटचे (हेडखालच्या पॅकिंगचे) काम झाले होते. हेड उतरवायचे तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सोडवावाच लागतो. बिलात हेड गॅस्केट आहे, कूलंट आहे, ऑइल आहे, मजुरी आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग नाही, स्टड आणि नटही नाहीत. पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तो त्यानंतर काही आठवड्यांनी.

हे पॅकिंग पोलादी पत्र्याच्या थरांचे असते आणि त्यावर पोर्टभोवती उठावदार कडा दाबून काढलेल्या असतात. एकदा आवळल्यावर त्या कडा चपट्या होतात. तेच पॅकिंग पुन्हा बसवले तर सांधा सुरुवातीला धरल्यासारखा वाटतो आणि तापण्या-थंड होण्याच्या चक्रांत हळूहळू सुटतो. टोकाच्या सिलिंडरवर तो आधी सुटतो, कारण लांब मॅनिफोल्डची हालचाल टोकांना सर्वाधिक असते, आणि इथे त्याच टोकाचा नटही नव्हता.

२६ जुलै, शनिवार

मॅनिफोल्ड उतरवला. पॅकिंग जुनेच निघाले. तीन पोर्टभोवतीच्या कडा चपट्या पण स्वच्छ, चौथ्याभोवती काजळीने कडेपर्यंत काळा पट्टा. मिस्त्रींनी झिजलेल्या स्टडवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते. त्यावर नट वेल्ड करून त्यांनी तो सावकाश, मागेपुढे करत बाहेर काढला. घाई केली असती तर स्टड हेडमध्येच तुटला असता आणि हेड पुन्हा उतरवावे लागले असते. या कामाला लागणारा संयम त्यांच्याकडे आहे, म्हणून गाडी त्यांच्याकडे दिली. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळपट्टी धरून ते वाकले नसल्याची खात्री केली.

नवे पॅकिंग, सगळे स्टड आणि नट नवे. नट मधून सुरुवात करून टोकांकडे, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या मापानुसार टप्प्याटप्प्याने आवळले. बसवल्यावर धुराची परीक्षा पुन्हा घेतली. सांधा बंद.

३ ऑगस्ट, रविवार

कोड दुरुस्तीनंतर पुसला होता, त्यामुळे दीर्घकालीन ट्रिम शून्यापासून नव्याने शिकली. आठवडाभराच्या रोजच्या वापरानंतर, रात्रभर उभ्या गाडीत ५ जुलैच्याच पद्धतीने मोजले : उभ्या गाडीत बेरीज अधिक ४, २५०० फेऱ्यांना अधिक ३. थंड आणि तापलेल्या इंजिनमध्ये आता सांगण्यासारखा फरक नाही. उरलेले तीन-चार टक्के एथेनॉलच्या हिशोबाशी जुळतात आणि ते सर्व फेऱ्यांत सारखे आहेत. टिकटिक गेली. स्कॅनरवरच्या सर्व अंतर्गत तपासण्याही पूर्ण झाल्याचे दिसते. हे पाहणे आवश्यक होते, कारण त्या अपूर्ण असताना विझलेल्या दिव्याला अर्थ नसतो.

पीयूसीची मुदत संपत आली होती, तीही आज करून घेतली. आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, गाडी तिच्या बरीच आत आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

सोमवार-मंगळवारच्या पावसाने शहर थांबले. सोमवारी आत्या शीवहून निघाल्यावर बराच वेळ गर्दीत अडकली, इंजिन उभ्याने चालू होते. दोषाला अनुकूल अशी याहून कडक परिस्थिती मुद्दाम घडवून आणता आली नसती. दिवा लागला नाही, प्रलंबित कोडही नाही. कोकणचा रस्ता ही या दोषाची परीक्षा नव्हेच, कारण तो तिथे लपला असता.

२४ ऑगस्ट, रविवार

एक शेवटची पडताळणी बाकी होती. डिकीतला जुना ऑक्सिजन सेन्सर नव्याच्या जागी बसवला आणि त्याच पद्धतीने आकडे घेतले. उभ्या गाडीत अधिक ४, २५०० फेऱ्यांना अधिक ३. ॲक्सिलरेटर दाबल्यावर ०.८६ व्होल्ट, उतारावर ०.०९. जो सेन्सर 'गेला' म्हणून काढला होता तो तेव्हाही ठीक होता आणि आजही ठीक आहे.

तपासणी झाल्यावर नवा सेन्सर परत बसवला, कारण तो कमी तास वापरला गेला आहे. जुना डिकीत सुटा भाग म्हणून राहील, त्याच्या पुडीवर 'चांगला आहे, तपासला' असे लिहून तारीख घातली. प्लगही पुन्हा पाहिले. चारही नाके फिकट तपकिरी झाली आहेत. आत्या मंगळवारी पहाटे निघणार आहे.